वंदनेची चाल

हॉस्पिटलमधून बाबांना इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या घरी आणलं तेव्हा त्यांचा पलंग फ्रंट रूममध्ये लावावा लागला. जिना चढणं आता त्यांच्याच्याने होणार नव्हतं. त्या खोलीत आमचं टेबल होतं, त्यावर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या आणि आईने दर रविवारी आणलेली फुलं. कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, दोघं आले, टेपने मापं घेतली आणि टेबल उचलून मागच्या खोलीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवून गेले. आईला ते बिलकुल पटलं नाही. मी म्हटलं, "आई, बुद्धाला वॉशिंग मशीन चालतं." त्यावर ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

घाबरले की मी फटकळ होते. दोन गल्ल्या पलीकडच्या माझ्या घरातून इकडे येताना-जाताना त्या वर्षी मी सारखी घाबरलेलीच होते.

बाबांना स्ट्रोक आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायचे, आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. हो किंवा नाही म्हणून मान हलायची. पण तोंडातून शब्द म्हणून एकच यायचा, "अरे". चहा हवा असला तरी अरे, माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेतून आली तरी अरे. स्वतःचा तो अरे ऐकला की ते डोळे मिटून घ्यायचे.

आणि हा माणूस शब्दांचा किती काटेकोर! तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात काढली, पण त्यांची खरी नोकरी रविवारची. एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आपली माणसं जमायची आणि बाबा वंदना घ्यायचे. ते एक ओळ म्हणायचे, मग सगळा हॉल तीच ओळ त्यांच्यामागून म्हणायचा. नागपूरहून इथे आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. दर शनिवारी किचनमध्ये बसवून ते मला आणि माझ्या भावाला पालीची एकेक ओळ विचारायचे. "आधी अर्थ सांग, मग म्हण." अर्थ चुकला की ओळ म्हणायची परवानगी नाही. मी एकदा कंटाळून म्हटलं, हॉलमध्ये कुणाला कळतो अर्थ? ते शांतपणे म्हणाले, "न समजता म्हणायचं होतं, तर धर्म कशाला बदलला?"

बाबा घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या रविवारी आईने मागच्या खोलीत मेणबत्ती लावली आणि हलक्या आवाजात वंदना सुरू केली. मी भांडी विसळत होते. फ्रंट रूममधून बाबांचा आवाज आला. अख्खी ओळ, स्वच्छ, जोडाक्षरांसकट. मग दुसरी. आईच्या हातातली उदबत्ती तशीच जळत राहिली. मी ओल्या हातांनी धावले, वंदना संपेपर्यंत दारात उभी राहिले आणि मग त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "बाबा, मी कोण?"

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. "अरे," ते म्हणाले.

दर मंगळवारी एक स्पीच थेरपिस्ट यायची. लीड्सहून नुकतीच शिकून आलेली, गोरीपान, फार हसरी मुलगी. मला तिच्या हसण्याचा राग यायचा, पण मुलगी हुशार होती. मी रविवारचं सांगितलं तर तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. पिझ्झाच्या जाहिरातीच्या कागदामागे तिने मेंदूचं चित्र काढलं, चुरगळलेल्या फ्लॉवरसारखं दिसत होतं. म्हणाली, बोलण्याची वाट डाव्या बाजूने जाते, ती तुटली आहे. पण गाणं, चाल, लहानपणापासून पाठ असलेलं काही, यांचा बराच भार उजवी बाजू उचलते, आणि ती शाबूत आहे. मेंदू नवी खोली बांधत नाही. असलेली खोली नव्या कामाला देतो. ओळखीच्या चालीवर साधी वाक्यं बसवायची, चांगल्या हाताने ठेका धरायचा आणि रोज घोकायचं. कधीकधी त्या वाटेने बोलणं येतं.

मी आईला भाषांतर करून सांगितलं. आई म्हणाली, "त्या खोलीत आधी कोण राहतं, ते विचार तिला."

मी विचारलं. मुलगी पहिल्यांदा हसायची थांबली. बहुतेक वेळा जुनं आणि नवं दोन्ही राहतं, म्हणाली, पण खात्रीने कुणी सांगू शकत नाही. मग तिने विचारलं, त्यांना कुठलं गाणं येतं?

बाबांना गाणं येत नव्हतं. रेडिओवर गाणी लागली की ते बातम्या शोधायचे. अंगाई आईची, वाढदिवसाचं गाणं ते नुसतं ओठ हलवून म्हणायचे. त्यांना येत होती ती एकच चाल.

किचनमध्ये आईचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. "ती चाल पाणी मागायला नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग काय त्यांना मुकं ठेवायचं? बुद्धाने तहानलेल्या माणसाला पाणी नको म्हटलं असतं का?" असले मुद्दे मला बरोबर सुचतात. लंडनजवळ हाउन्सलोला राहणाऱ्या भावाला फोन केला, तो म्हणाला तू जवळ आहेस, तूच ठरव. मी ठरवलं. थेरपिस्टला चाल गुणगुणून दाखवली आणि तिने ती लगेच उचलली.

सगळा हिवाळा आम्ही ते केलं. बाबांचा डावा हात हातात धरून मी पलंगाच्या कडेवर ठेका द्यायचे आणि वंदनेच्या चालीवर "मला पाणी हवं" म्हणायचे. आधी नुसता हुंकार, मग "पा", मग महिनाभर काहीच नाही. फेब्रुवारीत एका सकाळी ते आपण होऊन ठेका धरून म्हणाले, "मला पाणी हवं." तोच चढ, तोच उतार. मी ग्लास आणताना निम्मं पाणी कार्पेटवर सांडलं आणि रडत बसले. मग थंडी वाजते, बाथरूमला जायचंय, टीव्ही बंद कर. आठ वाक्यांचा कागद फ्रिजवर लावला होता. मी त्या कागदाकडे माझ्या मुलीच्या शाळेच्या रिपोर्टकडे बघावं तसं बघायचे.

वाक्य म्हणताना बाबा माझ्याकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. आई त्या वेळी खोलीतून उठून जाई. हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी पुढचं वाक्य घेत होते.

वैशाख पौर्णिमेच्या, म्हणजे बुद्धजयंतीच्या आधी रविवारच्या वंदनेच्या कमिटीवाल्यांचा फोन आला. यंदा वंदना बाबांनीच घ्यावी, त्यांना जमेल का? मी म्हटलं, का नाही जमणार?

त्यांना ब्लेझर घातला. हॉल भरला होता. पुढे सतरंजीवर मुलं, सगळी इथेच जन्मलेली, हात जोडून बसलेली. मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. बाबांची व्हीलचेअर मूर्तीशेजारी लावली. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि हॉल त्यांच्यामागून म्हणाला. दुसरी ओळ म्हटली. मग त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरू लागला आणि तिसऱ्या ओळीच्या जागी ते म्हणाले, "मला पाणी हवं."

मोठी माणसं थांबली. मुलं थांबली नाहीत. त्यांना पालीही कळत नव्हती आणि मराठीही धड कळत नव्हती. हात जोडून, मोठ्याने, अचूक चालीत सगळी म्हणाली, "मला पाणी हवं."

बाबांनी ते ऐकलं. त्यांना थांबायचं होतं, मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती. पण हात थांबेना. "थंडी वाजते," ते म्हणाले. "थंडी वाजते," मुलं म्हणाली.

तेव्हा बाबांचे कारखान्यातले एक जुने मित्र खुर्चीवरून उठले आणि त्यांनी खरी तिसरी ओळ उचलली. हॉल त्यांच्यामागे गेला. बाबांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

गाडीत माझी मुलगी मागून म्हणाली, "मम्मी, आजोबांची ते न्यू लाइन होता का?"

मी तिला सीटबेल्ट लावायला सांगितलं.

त्यानंतर बाबांनी ठेका धरला नाही. थेरपिस्ट आली की ते डावा हात पांघरुणाखाली घालत. ती म्हणाली, वापरलं नाही तर आलेलंही जाईल. मी समजावलं, मग चिडले. "बाबा, हट्ट करू नका. पाणी मागायला कसली लाज?" एकदा तर मी मुद्दाम पाण्याचा ग्लास त्यांच्या हाताला पोचणार नाही इतका लांब ठेवला. तहान लागली की बोलतील. हे लिहिताना माझी मलाच शरम वाटते, पण मी ते केलं. दुपारपर्यंत ते ग्लासकडे बघत राहिले आणि बोलले नाहीत. शेवटी आईने ग्लास त्यांच्या तोंडाला लावला आणि मला म्हणाली, "झालं तुझं?"

ऑक्टोबरात एक दिवस मी कळवल्याशिवाय गेले. दार उघडलं तर हॉलवेमध्ये आई कोट घालून, खरेदीची पिशवी हातात घेऊन उभी होती. तिने बोट ओठांवर ठेवलं. फ्रंट रूममधून वंदना ऐकू येत होती. बाबा फार हळू म्हणत होते. एक ओळ, मग बराच वेळ काही नाही, मग पुढची. मधेच "मला" म्हणून अडले, पहिल्या ओळीपासून परत सुरू केलं, आणि या वेळी शेवटपर्यंत नेलं. एकही ओळ चुकली नाही.

"तू गेलीस की रोज करतात," आई म्हणाली. "कधी दहा वेळा. आता येते सगळी."

मी आत गेले. बाबांनी मला पाहिलं आणि हात पांघरुणाखाली नेला. पलंगाशेजारचा ग्लास रिकामा होता. मी खुर्ची ओढून बसले.

"बाबा," मी म्हटलं, "ती चाल मी द्यायला नको होती का?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली. नको होती. क्षणाचाही वेळ न लावता, स्पष्ट.

मी आईला विचारलं होतं, भावाला विचारलं होतं, लीड्सच्या त्या मुलीला विचारलं होतं. त्यांची मान तर पहिल्या दिवसापासून हलत होती.