मेहुण्याने पाठवलेले चिरलेले फिन

माझ्या मुलीचे कोरे फिन मी पंक्चरवाल्याकडून चिकटवून आणले. फिन म्हणजे पाणबुडे पायात घालतात ते बदकाच्या पंजासारखे रबरी पंख. अकोल्याच्या मामाने भाचीला पाठवलेले. मी खोका उघडून एकेक फिन उजेडात धरला, तर दोन्हींची पाती टोकापासून मधोमध उभी फाटलेली! आमच्या घराण्याची मोर्शीकडे संत्र्याची बाग. पेटीच्या वरच्या थरावर विश्वास ठेवायचा नाही, पेटी उलटी करून पाहायची, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवतात. मेहुण्याच्या खोक्याचा तर वरचा थरही मी मानत नाही. कुठल्याशा दुकानातला फाटका माल त्याने भाचीच्या पायात घातला, असं मनाशी ठरवून मी गुपचूप चिरांवर ट्यूबचे तुकडे लावून घेतले.

"दोन्ही बराबर मधातूनच कशे फाटले हो?" पंक्चरवाल्याने विचारलं होतं. मला त्याचाही संशय आला. काम अवघड दाखवून भाव वाढवत असेल.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या पोहण्याच्या टँकवर एक तुकडा सुटला, दुसरा टिकला. मुलगी सरळ जायची ती सारखी भिंतीकडे वळू लागली, जोडीतला एक बैल अडून बसावा तशी. बाहेर येऊन तिने आधी फिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, हे काय करून ठेवलं? हे चीर कंपनीनंच देली हाये!"

"कंपनी काहून फाटका माल करीन?"

तिने टिकलेला तुकडाही ओढून काढला. तिला जिल्ह्याच्या बचाव पथकात जायचं होतं. नदीला पूर आला, धरणात कोणी बुडालं, की पाण्यात उतरतात ती माणसं. चाचणी जवळ आली होती: फिन घालून एका धडधाकट माणसाला ओढत टँकच्या चार फेऱ्या, मध्ये न थांबता. थांबली की बाद, आणि पुन्हा भरती कधी निघेल ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी मेहुणा स्वतः आला. अकोल्यात त्याचं कापडाचं दुकान आहे. एकदा कोकणात स्कूबा शिकला, तेव्हापासून समुद्र जणू त्याच्या वावराच्या बांधाला लागून आहे अशा थाटात बोलतो.

"भाऊजी, मले फोन तं करायचा! सायकलची ट्यूब समजले काय?"

"मंग चीर काहून ठेवली, ते सांग."

"पाणी खाली दाबायचं नसते, मांगं सोडायचं असते. पातं रुंद आन् कडक असलं का पाय नुसती पाण्यासंगं कुस्ती खेळते. चीर असली का अडलेलं पाणी मधातून निघून जाते, दोन्ही भाग पंखावानी वाकते आन् पायाले जोर कमी लागते."

मला पटलं नाही. फावडं रुंद असलं तर माती जास्त निघते, हे मी जन्मभर पाहत आलो. शिवाय कापडवाला आपल्याच कापडाचा रंग जातो असं कधी म्हणेल का? मी सगळ्यांना टँकवर नेलं आणि तिथल्या प्रशिक्षकाचे लांब, कडक फिन मागून घेतले.

"दोन्ही घालून पाहू," म्हणालो. "बुडालेला माणूस मी होतो."

बायको काठावर बसली होती. "पोट आत घ्या," ती म्हणाली.

"बुडालेला माणूस पोट आत घेत नाही."

आधी कडक फिन. मी उताणा, मुलीचा हात माझ्या हनुवटीखाली. एक हिसका बसे, मग आम्ही जवळजवळ थांबत असू, मग पुन्हा हिसका. खड्ड्यांच्या रस्त्यावरून एसटी जावी तसा मी चाललो होतो. हळूहळू तिचे गुडघे सायकल मारल्यासारखे वाकू लागले. तिसऱ्या फेरीत तिच्या पोटरीत गोळा आला, आणि बुडालेल्या माणसाला उभं राहून वाचवणारीला धरावं लागलं.

मामा-भाचीने संगनमत केलं असेल, या शंकेने मी ती पोटरी चाचपून पाहिली. दगड होता नुसता.

"बाबा, दुखते ना!"

विश्रांतीनंतर तिने चिरलेले फिन घातले. या वेळी लाथा बारीक होत्या, पाय कमरेपासून हलत होते. हिसका नाही, थांबणं नाही. पाणी माझ्या कानाशी एकसारखं सरकत राहिलं. चार फेऱ्या झाल्या तरी ती बोलत होती. पाचवी मीच मागितली. बारकाईने तपासायला हवं, असं कारण दिलं. खरं म्हणजे मजा येत होती.

काठाला लागल्यावर मी शेवटची पेटी उलटी केली. "वाहत्या पाण्यात चालतीन काय हे?"

या वेळी मेहुणा थाट सोडून बोलला. "त्याच्यावर पाणबुड्यायची बी भांडणं हायेत, भाऊजी. धार जोराची असली का काही जण कडक पातंच मांगतात. पण चाचणी तं टँकात हाये ना!"

चाचणी टँकात होती. पूर टँकात येत नाही. हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही, आणि त्याच्यावर संशय घ्यायलाही जागा नव्हती.

चाचणीच्या दिवशी ती चारही फेऱ्या एका दमात गेली. तिच्या वाट्याला आलेला माणूस माझ्यापेक्षा बारीक होता, म्हणून त्यात काही काळंबेरं आहे का, हे मी पथकातल्या दोघांना विचारून घेतलं. नव्हतं. पथकाच्या साहेबांनी तिला नारिंगी जाकीट दिलं आणि बजावलं, पावसाळ्यात फोन बंद ठेवायचा नाही.

मुलगी मैत्रिणींबरोबर गेली. मी आणि बायको स्कूटरवरून घरी निघालो. मागून ती म्हणाली, "खरं सांगा, पोट्टी नापास झाली असती तं तुमाले बरं वाटलं असतं ना?"

मी हेल्मेटसकट मान डोलावली.

"मले बी," ती म्हणाली. "पन तिले सांगान तं याद राखा."