दादूची मोकळी जागा

भूतबित मी कधी मानलं नाही. आमच्या स्टुडिओच्या उद्घाटनाला पाहुण्यांनी कॅमेऱ्यांना हार घातले, नारळ फोडला; लेन्सवरचं नारळपाणी पुसत बसले ती मीच. तरीही हे सांगतेय... कारण मला ते कोडं सोडवता आलेलं नाही.

बेळगावात, उद्यमबागेतल्या एका बंद फाउंड्रीच्या शेडमध्ये आम्ही मोशन कॅप्चर करतो. कलाकाराच्या अंगावर बोराएवढे चमकणारे गोळे, म्हणजे मार्कर, चिकटवायचे. कॅमेरे फक्त ते टिपतात आणि पडद्यावर ठिपक्यांचा माणूस हलू लागतो. कुणाला मार्कर कुठे लावायचे हे ठरवणं माझं काम.

निपाणीकडच्या एका गावचा काठ्यांचा जोडखेळ टिपायचा होता. खेळणारे दोघे भाऊ, आप्पा आणि दादू. त्यांच्या तालमीची रीत अशी, की एकदा घेतलेली बाजू जन्मभर बदलायची नाही. आप्पांनी मारायचं, दादूनं अडवायचं. पडद्यावर दोघं वेगळे ओळखू यावेत म्हणून मी आप्पांना एक जादा मार्कर उजव्या खांद्यामागे ठरवला, दादूला डाव्या कमरेवर. दादूचा मी कुणाला सांगितला नव्हता. वेळच आली नाही. त्याआधीच दादू गेला. त्याची बाजू येणारं दुसरं कुणी नव्हतं.

आप्पा तरीही आले.

"एकट्याचं काय घ्यायचं, आप्पा?"

"माझी बाजू तर घ्या. अर्धा खेळ तरी उरंल. त्याची जागा तेवढी मोकळी सोडा, मधी कोण येऊ नका."

भर दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली आप्पा खेळले — आणि पडद्यावर त्यांच्यासमोर आणखी ठिपके उमटले. कुठल्याही चकाकीमुळे असे खोटे ठिपके येतात. आमच्या धंद्यात त्यांना 'घोस्ट'च म्हणतात, त्यामुळे कुणी दचकत नाही.

"आक्का, भुतं आली," सॉफ्टवेअर सांभाळणारा प्रकाश म्हणाला. "पुसू?"

"थांब रं."

खिडक्यांवर काळं कापड टाकलं, स्टीलचे पेले बाहेर नेले, आप्पांचं घड्याळ उतरवलं. कॅमेरे पुन्हा जुळवले. रिकाम्या शेडमध्ये एकही ठिपका नाही. आप्पांनी काठी उचलली की हजर... गुडघे, कोपर, मनगटं, सगळं माणसाच्या मापात. आप्पांचा वार जिथे पडणार, तिथे ती मनगटं आधीच पोचलेली.

आणि डाव्या कमरेवर एक जादा ठिपका.

आप्पांना खुर्चीत बसवून पडदा दाखवला.

"डावा पाय अजून उशिरा उचलतोय गडी," ते म्हणाले. "किती येळा सांगितलं त्याला."

"पुसायचं न्हाय," मी प्रकाशला म्हटलं. ठिपक्यांच्या त्या दुसऱ्या माणसाला नाव दिलं आणि दोघांचा खेळ जपून ठेवला.

तेव्हापासून मी जाणकारांना विचारत आलेय. कुणी कॅमेऱ्यांना दोष देतं, कुणी मला. एकाही उत्तरात तो कमरेवरचा ठिपका बसत नाही.

आप्पांची भाची आता ते ठिपके बघून दादूची बाजू शिकतेय. चांगली खेळते. डावा पाय मात्र उशिरा उचलते. आप्पा तिच्या बाकीच्या सगळ्या चुका काढतात.