शोभेल तेच

आमचे हे कपड्यांच्या दुकानात आहेत. पुरुषांचे तयार कपडे, शेवटचा काउंटर, शेजारी ट्रायल रूम. गिऱ्हाईक पडद्याबाहेर आलं की हे मान तिरकी करून बघणार आणि निकाल देणार, शोभतं किंवा शोभत नाही. घरात बायकोचं न ऐकणारी माणसं ह्यांचं मात्र मुकाट ऐकतात.

ह्यांचं शास्त्र एवढंसं. करडा, गडद निळा, पांढरा. चाळिशी उलटलेल्या पुरुषाने याबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि स्वतः? विचारूच नका. कपाटात ह्यांच्या बाजूला पोपटी, केशरी, गुलाबी. सुट्टीच्या दिवशी त्यातला एखादा अंगात चढवायचा आणि ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा लांबच्या बागेत फिरायला जायचं. अहो, लोकांना एक आणि स्वतःला एक, हा कुठला न्याय, असं मी म्हटलं की म्हणायचे, लोकांना शोभायला हवं असतं, मला आवडायला.

एकदा मोरपंखी शर्ट घेऊन आले. त्यावर पांढरे बगळे. स्वारी भलतीच खुशीत. जेवताना सांगायला लागले, एक बस ड्रायव्हर आला होता, निवृत्तीला आलेला. डेपोत निरोपसमारंभ होता. आयुष्यभर खाकी घातली, त्या दिवशी हाच घालणार, म्हणून बगळे धरून बसला. त्या मापाचा तेवढा एकच राहिलेला, आणि ह्यांचा त्यावर आधीपासून डोळा. मग काय, मान तिरकी केली. म्हणाले, साहेब, निरोपाला फोटो निघतात, या वयात उगाच हसं होईल, हा करडा घ्या. त्याने बगळ्यांवरून एकदा हात फिरवला आणि करडा घेऊन गेला. हे हसत होते. मला ते मुळीच बरं वाटलं नाही, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ह्यांनी भाजी वाढून घेतली.

नंतर एका सुट्टीला आम्ही बागेत बाकावर बसलो होतो, ह्यांच्या अंगावर बगळे. समोरून करड्या शर्टातला एक माणूस आला आणि थबकला. ह्यांनी माझी पिशवी ओढून छातीशी धरली. तेवढ्यावरून मी काय ते समजले.

त्या माणसाने नमस्कार केला. ओळखलंत का, म्हणून विचारलं. शर्टाकडे बघत राहिला, पण चेहऱ्यावर राग नाही की काही नाही.

"तुम्हाला शोभतो हो," तो म्हणाला. "तुमचं बरोबर होतं. मला नसता शोभला. फोटोत अगदी साहेब दिसतो मी. बायको तर म्हणते, ओळखूच येत नाही."

दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारा माणूस, पण हे नुसते पिशवीचे बंद चाचपत राहिले. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पुन्हा नमस्कार करून गेला.

घरी आल्यावर हे बनियनवर पलंगावर बसले. शर्ट मांडीवर.

"मी त्याला सांगायला हवं होतं का गं?"

"काय?"

"की तो छानच दिसत होता. मलाच हवा होता म्हणून..."

वाक्य पुरं झालं नाही. उगाच धीर द्यायला मला जमत नाही.

"हवं होतं," मी म्हटलं.

शर्ट धुऊन, इस्त्री करून, दुकानातल्यासारखा टाचण्या लावून ठेवलाय. ड्रायव्हरचं घर, डेपो, काहीच आम्हाला माहीत नाही. हे आता सुट्टीच्या दिवशीही करडाच घालतात.