भरला दुसरा, चढला तिसरा

मी पोचले तेव्हा फरशीवरचं दूध धुऊन झालं होतं, वास मात्र जायचा होता. शिरूरजवळच्या त्या डेअरीत सकाळी दोन नंबरचा सायलो ओसंडला होता. सायलो म्हणजे दूध साठवायची स्टीलची उंच, बंद टाकी. आत किती दूध आहे ते बाहेरून दिसत नाही. तळाशी बसवलेला लेव्हल ट्रान्समीटर दुधाचा दाब मोजतो आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर आकडा पाठवतो. हे ट्रान्समीटर आमच्या कंपनीने वर्षभरापूर्वी बसवले होते, म्हणून मला पुण्याहून बोलावणं.

"मॅडम, तुमची यंत्रं चेक करा आणि ठीक आहेत एवढं सांगा," प्लांट मॅनेजर जगताप म्हणाले. "ह्या कोळेकरला आज मी घरी बसवणार आहे. अलार्म वाजला, ह्याने बटण दाबून बंद केला आणि बसला चहा पीत."

ऑपरेटर पोपट कोळेकर दारातच उभा होता. "अलार्म तीनचा हुता, साहेब. मी दोन भरत हुतो. तरी तीनचा दूध भरायचा वॉल बघून आलो, बंदच हुता. आन् दोन तर स्क्रीनवर निम्माच दिसत हुता."

"निम्मा? मग फरशीवर काय तुझी म्हैस येऊन पान्हावली?"

मी लॅपटॉप जोडला.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. फील्डबस तेव्हा आमच्या भागात नवी होती. जुन्या पद्धतीत प्रत्येक यंत्राची कंट्रोल रूमपर्यंत स्वतंत्र वायर असायची. फील्डबसमध्ये सगळी यंत्रं एकाच केबलवर असतात. गोंधळ नको म्हणून प्रत्येकाला एक नंबर दिलेला असतो, त्याला अ‍ॅड्रेस म्हणतात. शाळेतल्या हजेरीसारखंच. कंट्रोलर नंबर पुकारतो, त्या नंबरचं यंत्र आपला आकडा सांगतं, बाकीची गप्प.

दोन्ही ट्रान्समीटर व्यवस्थित हजेरी देत होते. एरर नाही, केबल ठीक, सेटिंग जसंच्या तसं. स्क्रीनवर तीन पूर्ण भरलेला, दोन निम्मा. बिघडलेलं यंत्र एकतर मुकं होतं किंवा काहीच्या बाही बरळतं. ही दोघं शांतपणे शहाण्यासारखे आकडे सांगत होती. मला गंमत वाटायला लागली.

"कोळेकर, तीनमधलं थोडं दूध पाश्चरायझरला सोडा."

"साहेबांना इचारू?"

"साहेब इथंच आहेत. पळा."

तो खाली गेला. आम्ही स्क्रीनकडे बघत बसलो. थोड्या वेळाने दोनचा आकडा उतरायला लागला. तीन ढिम्म.

"हे काय?" जगतापांनी खुर्ची पुढे ओढली.

मग मी स्वतः खाली गेले आणि तीनच्या ट्रान्समीटरचा प्लग उपसला. वरून जगतापांचा आवाज आला, "दोनचा आकडा गेला, लाल झाला!"

म्हणजे यंत्रं एकमेकांच्या जागी बसली होती. पण वर्षभर बरोबर चाललेली यंत्रं जागा कशाला सोडतील? मी मेंटेनन्सच्या शेख मामांना गाठलं. शिरूरचेच, प्लांटमधले सगळ्यात जुने फिटर.

"काढली हुती की. मीच काढली, खंडेनवमीला."

"पूजेला?"

"मग! पाने, ग्रीसगन, वेल्डिंग मशीन, समदं मांडतो. दरवर्षी मांडामांड माझ्याकडंच असती. सायलो धुवायला रिकामे केलेले हुते. म्हटलं, एवढी महागाची यंत्रं, ती बाजूला कशी ठेवायची? पुसली, झेंडू वाहिला, दुसऱ्या दिवशी परत बसवली. दोन्ही सारखीच तर हायत. जुन्याला असं काय व्हायचं न्हाई, मॅडम. कुठलं बी कुठं बी लावा."

जुन्याच्या बाबतीत ते खरंच होतं. तिथे जागा वायरवरून ठरायची. इथे नंबर यंत्राच्या पोटात असतो. दोन पोरांनी बाक बदलले तरी हजेरी बरोबरच लागते, फसतो तो बाकाकडे बघणारा. सणानंतर दोन्ही सायलो बरोबरीने भरत आणि रिकामे होत होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आज पहिल्यांदाच दोन एकटा भरला. तो पूर्ण भरल्यावर कंट्रोलरने व्हॉल्व्ह बंद करायची आज्ञा दिली, ती तीनच्या व्हॉल्व्हला. तो आधीच बंद होता.

यंत्रं काढून जागा बदलावी तर तळातून सगळं दूध बाहेर आलं असतं. तेव्हा अ‍ॅड्रेसच बदलायचे. तेही सरळ अदलाबदल करून होत नाही. क्षणभर जरी दोघांचा नंबर एक झाला, तरी दोघं एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही. म्हणून एकाला आधी मोकळा नंबर दिला, दुसऱ्याला त्याचा, मग पहिल्याला दुसऱ्याचा. तेवढा वेळ दूध घेणं बंद ठेवलं. गेटवर टँकरवाले हॉर्न वाजवत होते.

कोळेकरने पुन्हा तीनमधून दूध सोडलं. तीन उतरला.

जगताप वळले. "म्हणजे मामा, तुम्ही..."

"साहेब, नारळ तुम्हीच फोडला," शेख मामा म्हणाले. "ह्याच यंत्रांच्या म्होरं."

कोळेकरला हसू आवरेना. जगताप त्याच्यावर खेकसले, "दात काय काढतोस? टँकर घे आत!"

माफी वगैरे नाही. पण कोळेकर पळतच गेला आणि त्याची नोकरी राहिली.

नंबरपट्ट्या सायलोच्या पायांवर होत्या. त्या मी यंत्रांच्या अंगावरही लावून घेतल्या. तेव्हापासून कुठल्याही प्लांटमध्ये फील्डबस सोपवताना ट्रेनिंगमध्ये अ‍ॅड्रेस शिकवून झाला की मी विचारते, "खंडेनवमीला तुमच्याकडे काय काय काढून मांडतात?" कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हा प्रश्न अजून आलेला नाही.