त्रेचाळीस प्लगिन आणि डोमकळीचं गाणं

अमडापूरला माझ्या नवऱ्याचं मंडप आणि साऊंडचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत मी रेकॉर्डिंग सुरू करायचं ठरवलं, तेव्हा आवाज भिंतींवर आपटू नये म्हणून कापसाच्या गाद्या लावायच्या होत्या. गाद्या भरून देणारे पिंजारी चाचा आमच्याच गल्लीतले. आठ गाद्या, आणि त्याही उभ्या ठोकायच्या, हे ऐकून ते हसले. "क्या बहू, अब दीवारां भी सोएंगे?"

गाद्या नव्या होत्या, कॉम्प्युटर मात्र जुना. औरंगाबादला एकाचा स्टुडिओ बंद पडला, त्याच्याकडून नवऱ्यानं तो आणला. त्यात गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर होतं आणि त्याला जोडलेले ढीगभर प्लगिन. प्लगिन म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी ट्रॅक्टर दाखवते. सॉफ्टवेअर हा ट्रॅक्टर, आणि नांगर, वखर, पेरणीयंत्र अशी मागं जोडायची अवजारं म्हणजे प्लगिन. एक आवाज घुमवतो, एक खरखर काढतो, एक ढोलकी वाजवतो. आधीच्या मालकानं दिसेल ते अवजार जोडून ठेवलं होतं. बहुतेक महिनाभर फुकट वापरायचे, मुदत संपून गेलेले. काही तर नीट बसवलेलेही नव्हते.

सॉफ्टवेअर उघडलं की ते आधी यातलं एकेक अवजार तपासायचं. 'फाइल सापडत नाही.' 'परवाना संपला आहे.' चौकटीवर चौकट, आणि मी प्रत्येकीवर ओके दाबत बसायची. मधेच एखाद्या नावावर सगळं गोठायचं. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा पहिल्यापासून. सकाळी सॉफ्टवेअर सुरू करून मी भाकरी थापायला जायची, आणि सात-आठ भाकरी होईपर्यंत ते तपासतच असायचं. तसंच चालवून घेत होते.

तेव्हा माझं मुख्य काम होतं बियाण्यांच्या जाहिरातींचं. मृगाच्या आधी जीपवर भोंगे बांधून बीटी कपाशीच्या पाकिटांचा प्रचार गावोगाव फिरायचा आणि त्यातला आवाज माझा असायचा. "बीटी लावा, अळी विसरा!" हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या लाडानं म्हटलं होतं की लहान पोरं मला पाहून तेच ओरडायची. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी गुलाबी अळीनं बीटीचीच बोंडं पोखरली. बाहेरून हिरवीगार बोंडं, फोडली की आत सडका कापूस. लोकांनी उभ्या कपाशीत ट्रॅक्टर घातले. त्या दिवसांत बाजारात भाजी घेताना माझ्या मागं एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक, डोक्यावर घट्ट पदर. माझा आवाज ऐकून थांबली होती.

"अळी विसरा म्हननाऱ्या तुमीच न व्हय?"

"हाव," मी म्हटलं.

"आमी विसरलो," ती शांतपणे म्हणाली. "अळीच नाही विसरली."

एवढंच बोलून ती पुढच्या दुकानाकडे वळली. चिडली असती तर बरं झालं असतं. मी पिशवी घेऊन घरी आले आणि त्यानंतर बियाण्याच्या एकाही जाहिरातीला आवाज दिला नाही.

पुढच्या हंगामात गावच्या कृषी सहायकांनी मला विचारलं, कपाशीला फुलं लागायच्या आधी अळी ओळखायची माहिती गावोगाव ऐकवायची आहे, बोलाल का? मी म्हटलं, माझ्या आवाजावर आता कोण विश्वास ठेवील? निंदणाला जाणाऱ्या बाया गातात, त्यांच्याच तोंडून गाणं करू. आणि मी त्या बाजारातल्या बाईला शोधायला निघाले. दोन कोसांवरच्या गावात ती सापडली. निंदणाच्या बायांची ती म्होरकी होती आणि सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. मी आल्याचं कारण सांगितलं. तिनं विळा खाली ठेवला, कृषी सहायकांनी दिलेला कागद मला दोनदा वाचायला लावला आणि तिथंच, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या बसल्या, पहिल्या दोन ओळी जुळवल्या:

"मिटलं फूल उमलेना, त्याले म्हनू नका कळी,
तोडून टाका बाई, आत बसली हाय अळी."

अळी लागलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या मिटूनच राहतात. त्याला डोमकळी म्हणतात. ती वेळेवर तोडली तर पुढची अळी थांबते. कागदावर अर्धं पान भरून लिहिलेली गोष्ट मावशीनं दोन ओळींत सांगितली होती.

बाजाराच्या दिवशी निंदणाला सुट्टी असते, म्हणून त्या दिवशी सहा बाया खोलीत येऊन बसल्या. मी सॉफ्टवेअर आधीच सुरू करून ठेवलं होतं. मावशीनं सूर धरला, बायांनी झेलला, माझ्या अंगावर काटा आला आणि दुसऱ्या कडव्यात पडद्यावर चौकट उगवली. सगळं गोठलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गोठलं. तिसऱ्या खेपेला बाया आपसात कुजबुजायला लागल्या.

"काऊन थांबली वं बाई? मशीन बिघडली का?"

"मशीनमध्ये जुना कचरा आहे मावशी."

"मंग काढून टाक न! आमी येतो पुढच्या बाजाराले." इतकं सहज म्हणाली ती, जसं काही अंगण झाडायचं होतं.

माझ्याकडे आठ दिवस होते. मी औरंगाबादच्या जुन्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "फॉरमॅट मारा, मॅडम." नवराही तेच म्हणाला, "फॉरमॅट मार न. काऊन डोकं लावून राह्यली?" पण सॉफ्टवेअरची सीडी जुन्या मालकाकडून कधीच हरवली होती. फॉरमॅट मारलं असतं तर कचऱ्याबरोबर ट्रॅक्टरही गेला असता.

मी एक शंभर पानी वही घेतली आणि सॉफ्टवेअरच्या यादीतलं प्रत्येक नाव लिहून काढलं. माझ्या कामाचे प्लगिन चार होते. बिनकामाचे त्रेचाळीस.

पहिल्या दिवशी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जेवढे रीतसर निघत होते तेवढे काढले. सतरा निघाले. खुशीत सॉफ्टवेअर उघडलं, तर त्यातल्या कित्येकांची नावं यादीत तशीच. पाट्या काढल्या होत्या, बिऱ्हाड आतच होतं.

दुसऱ्या दिवशी मी बिऱ्हाडं शोधत निघाले. प्रोग्राम फाइल्स नावाची फोल्डरं दोन असतात, जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरचं एक आणि नव्याचं एक, हे मला तेव्हा कळलं. दोन्हींत प्लगिनची वेगळी फोल्डरं होती. तिसरं कॉमन फाइल्समध्ये निघालं. एकही फाइल मी लगेच पुसली नाही. डेस्कटॉपवर 'वाळवण' नावाचं फोल्डर केलं आणि बिनकामाची प्रत्येक फाइल उचलून त्यात टाकली, चुकलं तर परत ठेवता यावी म्हणून. हा शहाणपणा कामी आला. दुसऱ्याच दिवशी खरखर काढणारा माझा प्लगिन चालेना, कारण त्याच्या सोबतीची एक फाइल मी कचरा समजून वाळत घातली होती. परत जागेवर ठेवली आणि तो बोलायला लागला.

मग लपवलेली फोल्डरं. ती दिसावीत म्हणून एका ठिकाणी खूण करावी लागते. खूण केली आणि जे दिसलं त्यानं मी थक्क झाले. गेलेल्या प्रत्येक प्लगिननं तिथं आपल्या सेटिंगचं गाठोडं ठेवलं होतं. त्यानंतर रजिस्ट्री. ही विंडोजची मोठी नोंदवही, तीत चुकीचं पान फाडलं तर कॉम्प्युटरच उठत नाही. मी आधी तिची प्रत काढून पेन ड्राइव्हवर ठेवली, मग वहीतलं एकेक नाव शोधत नोंदी काढल्या. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि चहा ठेवून गेला. शेवटी सॉफ्टवेअरची स्वतःचीही एक यादी होती, जुनी नावं आठवणीत ठेवणारी. ती पुसली आणि नव्यानं तपासायला लावलं.

सहाव्या दिवशी दुपारी एकच चौकट उरली. बेचाळीस गेले होते. त्रेचाळिसावा ढोलकीचा, आणि त्याच्यावरच सगळं गोठत होतं. सगळी फोल्डरं पुन्हा धुंडाळली. कुठंच नाही. चौकटीत फाइलचा पत्ता येत होता, पण अर्धाच, पुढं नुसती तीन टिंबं. सातवा दिवसही तसाच गेला, आणि फॉरमॅट हा शब्द पहिल्यांदा माझ्या मनात आला.

आठव्या दिवशी, बाजाराच्याच सकाळी, सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये मला एक साधी मजकुराची फाइल दिसली. उघडली. तपासताना सॉफ्टवेअर काय काय करतं ते सगळं ते स्वतःच त्यात लिहून ठेवत होतं. मी थेट शेवटच्या ओळीवर गेले. तिथं पूर्ण पत्ता होता, तीन टिंबांशिवाय. डी ड्राइव्ह, त्यात 'लग्न व्हिडिओ', त्यात 'फायनल', त्यात 'फायनल खरं'. कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओंमध्ये तो ढोलकीवाला जाऊन बसला होता, आणि सॉफ्टवेअरला तिथंही शोधायला जुन्या मालकानंच सांगून ठेवलं होतं. मी फाइल उचलली, तो रस्ता सेटिंगमधून काढला, यादी पुसली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला.

सॉफ्टवेअरवर टिचकी मारली. चार नावं सर्रकन गेली आणि समोर मोकळा पडदा. मला वाटलं, नीट उघडलंच नाही. बंद करून परत उघडलं. तसंच! मी सात वेळा उघडलं आणि बंद केलं, नुसतं पाहायला. मग दुकानात ग्राहक उभे असताना मोठ्यानं ओरडले, "अहो, निघाला!" नवरा धावत आला. त्याला वाटलं, साप निघाला.

दुपारी बाया आल्या. मावशीनं डोळे मिटले आणि सूर लावला. सहाही कडवी एका दमात झाली. शेवटच्या कडव्यात फवारणी करताना तोंडाला फडकं बांधायला विसरू नका, असं त्या नवऱ्यांना दटावून सांगतात. तिथं एका बाईला हसू फुटलं. ते हसू मी ठेवलं, कापलं नाही.

ते गाणं जीपवरच्या भोंग्यांतून चिखलीकडं गेलं, मेहकरकडं गेलं, पार बीबी गावच्या बाजारापर्यंत पोचलं. मी स्वतः पाहिलं, शाळेतून येणाऱ्या पोरी ते म्हणत म्हणत रस्त्याकडेच्या कपाशीतली मिटलेली फुलं तोडत होत्या.

'वाळवण' फोल्डर मी महिनाभर ठेवलं आणि मग शांतपणे पुसून टाकलं. तोवर फॉरमॅट न मारता मी कॉम्प्युटर साफ केल्याची बातमी फिरली होती. डोणगावहून एका रेकॉर्डिंगवाल्याचा फोन आला. त्याचंही सॉफ्टवेअर असंच गोठत होतं आणि त्यालाही सगळे फॉरमॅट मारायला सांगत होते. मी वही पिशवीत टाकून एसटीनं गेले. खोलीत त्याचे तीन मित्र बसले होते, सगळे या धंद्यातले, सगळ्यांचा एकेकदा प्रयत्न करून झालेला. मला पाहून तो खुर्चीतून उठला, ती रुमालानं पुसली आणि म्हणाला, "बसा ताई. आता तुमीच सांगा, सुरुवात कुठून करा लागते?"

मी बसले, वहीचं कोरं पान उघडलं आणि त्याच्याकडे पेन मागितला.