शेवटचा टाका कुठला?

तिला सगळी गल्ली टाकेआत्या म्हणायची. हे नाव भाचीने ठेवलं होतं, बोबडं बोलायच्या वयात, आणि ते असं काही चिकटलं की एकदा नव्या पोस्टमनने तेच तिचं आडनाव समजून दारात "टाके कोण?" म्हणून पुकारा केला. तीही "मीच" म्हणून सही करून मोकळी झाली.

ती दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. पेशंटची नावं घ्यायची, फोन उचलायचा, आतून हाक आली की पुढच्याला पाठवायचं. मधल्या वेळात हात रिकामे राहायचे, ते तिला सोसायचं नाही. म्हणून तिने जाड कागदावर सुईने भोकं पाडून त्यातून रंगीत दोरा ओवायला सुरुवात केली. एखादं पान, एखादी किटली, खिडकीत बसलेलं मांजर. कागद दुमडला की झालं कार्ड. डॉक्टर म्हणायचे, "बाई, ती सुई टेबलाखाली धरा. पेशंटला वाटतं, आतलं काम तुम्ही बाहेरच उरकताय."

लग्न काही जमलं नाही, आणि तिनेही ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. थोरल्या भावाच्या घरात मागची खोली तिची होती. भाचीच्या प्रत्येक वाढदिवसाला कार्ड, शेजारी बाळ झालं की झबल्यावर नक्षी, कुणी परीक्षेत नापास झालं तर त्यालाही कार्ड, कारण पास झालेल्यांचं कौतुक करायला बाकीचे असतातच. तिचा टाका दुरून ओळखू यायचा. जरा सैल, किंचित उजवीकडे कललेला. पान भरताना ती ते कडेपर्यंत कधी भरायची नाही, थोडी जागा तशीच सोडायची. वहिनी म्हणायची, "वन्सं, तुमच्या पानांना श्वास घेता येतो."

तर अशी ती. आणि मग औषधवाले काका आले.

कोपऱ्यावर त्यांचं औषधांचं दुकान होतं. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. एका दुपारी ते कापडी पिशवी घेऊन तिच्या घरी आले, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. आत पलंगपोस होता. त्यावर भरलेला एक मोठा बगळा, उडायच्या बेतात असलेला. एक पंख पुरा, दुसरा अर्धा. अर्ध्या पंखात सुई तशीच खोचलेली होती. तिला गंज चढला होता आणि कापडावर तांबूस ठिपका उमटला होता.

"एवढा पंख पुरा करून द्याल?" ते म्हणाले. "कपाट उघडलं की तो माझ्याकडे बघतो. उडताही येत नाही, बसताही येत नाही."

तिला नाही म्हणता आलं नाही. पण पुरा करायचा तर जोड दिसता कामा नये, अशी तिची समजूत. म्हणून आधी तिने कित्येक दिवस तो पलंगपोस नुसता वाचला. त्या बाईचा हात अगदी वेगळा होता. टाका आखूड आणि दोरा असा ओढून घेतलेला की कापडाला बारीक चुण्या पडाव्यात. सुरुवातीला गाठ नाहीच, तिच्याऐवजी तीन इवले टाके एकावर एक. मागची बाजू गबाळी. आणि अर्ध्या पंखाकडे येता येता टाके भरकटायला लागलेले. आजार कुठून सुरू झाला ते कापडावर दिसत होतं. टाकेआत्याने सरावाच्या चिंध्यांवर तेही गिरवलं. भरकटणंसुद्धा.

मग तिने गंजलेली सुई काढली, ठिपक्याला लिंबू-मीठ चोळून तो धुऊन काढला, आणि कामाला बसली.

हात बसला तशी एक गंमत झाली, किंवा तेव्हा तिला ती गंमत वाटली. सुई आपोआप चालायची. ती डावा पाय मुडपून त्यावर बसायला लागली, जशी ती जन्मात कधी बसली नव्हती. तोंडात दोऱ्याचा तुकडा धरायला लागली. एका संध्याकाळी ती खिडकीशी पाठमोरी बसली होती, उजेड सरत चालला होता. मागून आवाज आला, "दिवा लाव ना. डोळे जातील."

"एवढं पीस होऊ दे," ती म्हणाली.

मागे काहीच हललं नाही, म्हणून तिने वळून पाहिलं. दारात काम बघायला आलेले औषधवाले काका उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माफ करा," ते म्हणाले. "चुकून तोंडून गेलं. तुम्ही तशाच बसला होतात. आणि तीही हेच म्हणायची. एवढं पीस होऊ दे."

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पंख पुरा झाला. काकांनी पलंगपोस डोळ्यांशी नेला, कौतुक केलं, आणि बातमी गल्लीभर झाली. मग गेलेल्या माणसांच्या अर्धवट कामांच्या पिशव्या यायला लागल्या. कुणाच्या आईचा एका बाहीवर थांबलेला स्वेटर. स्कूलबसच्या ड्रायव्हरने बहिणीने भरायला घेतलेलं घर आणलं, त्याला भिंती होत्या, छप्पर होतं, खिडक्या तेवढ्या राहिल्या होत्या. टाकेआत्या प्रत्येकीचा हात शिकली. स्वेटरवाली सैल विणायची आणि ओळीच्या शेवटी हमखास एक टाका गाळून परत उचलायची. बसवाल्याची बहीण घाईची होती. मागच्या खोलीत चालताना पिशव्यांना पाय लागायचा. वहिनी दारातूनच बोलायची, आत यायची नाही.

"वन्सं, एवढ्या बायका घरात आणून ठेवल्यात. एक तरी चहा मागेल कधीतरी."

ती हसली. पण वहिनी हसली नव्हती.

भाचीचा वाढदिवस आला. ती नोकरीला दुसऱ्या गावी होती, कार्ड पोस्टाने गेलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती अडखळत म्हणाली, "आत्या, तू बरी आहेस ना? कार्ड छान आहे. पण तू केल्यासारखं वाटत नाही."

"मग कुणी केलंय?"

"तेच तर कळत नाहीये," भाची म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत औषधवाल्यांची मुलगी पलंगपोस घेऊन घरी आली. ती लांब राहायची, आईच्या आजारपणात येऊन-जाऊन असायची. शांत मुलगी. तिने तो टेबलावर पसरला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मावशी, आई कुठे थांबली होती?"

"म्हणजे?"

"सुई होती ना इथे. मी मुद्दाम काढली नव्हती. बाबांनी तुम्हाला दिलं ते मला माहीत नव्हतं." ती पंखावर हात फिरवत होती. "मी आले की तिथे बोट ठेवून बसायचे. आईने शेवटचा हात लावला ती जागा. आता मला ती सापडत नाही. तुम्ही तेवढं दाखवा. मग हवं तर तुमचं उसवा."

टाकेआत्याने चष्मा लावला. जागा दाखवणं म्हणजे काय मोठंसं, असं तिला वाटलं होतं. तिने पंख उजेडाकडे धरला. टाके आखूड, ओढून घेतलेले, हळूहळू भरकटत गेलेले. उलटं करून पाहिलं, मागेही तसाच गबाळेपणा. जिथे तिने सुरुवात केली असणार, तिथे तीन इवले टाके एकावर एक असायला हवे होते. ते पंखात ठिकठिकाणी होते. काही त्या बाईचे, काही हिचे. दोरा त्याच लडीतला. गंजाचा डाग असता तर चटकन कळलं असतं. तो तिनेच किती निगुतीने धुतला होता, ते तिला आठवलं.

भिंग आणलं, खुर्ची खिडकीशी ओढली. मुलगी समोर बसून होती. दुपार टळत आली.

एक जागा दाखवून टाकावी, असं टाकेआत्याच्या मनात येऊन गेलं. मुलगी ती मानणारच होती. बोट उचललंही तिने. मग मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोट खाली घेतलं.

"नाही सापडत गं," ती म्हणाली. "मलाच सापडत नाही."

मुलीने घडी घातली. दारापर्यंत गेल्यावर ती म्हणाली, "मग आता ते कुणालाच माहीत नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

टाकेआत्याने पिशव्या कपाटात कोंबल्या. आपलं काहीतरी करू म्हणून कार्डाचा कागद घेतला, एक साधं पान भरायला घेतलं. पहिल्याच टाक्याला दोरा ओढला गेला. उसवून परत भरलं, तर घाईघाईचे टाके पडले. पुन्हा भरलं. त्या कागदावर सगळ्या बायका होत्या, ती नव्हती. मग तिने वहिनीला हाक मारली.

वहिनी बऱ्याच महिन्यांनी त्या खोलीत आली. कागद पाहिला आणि आपल्या कपाटातून जुनी कार्डं घेऊन आली. दादाच्या पन्नाशीचं, भाचीच्या गोवराचं, वहिनीचे वडील गेले तेव्हाचं.

"मला सुईत दोरा ओवता येत नाही," ती म्हणाली, "पण इतकी वर्षं तुम्हाला बघतेय. पाय खाली सोडा आधी. हं. तुम्ही देठापासून सुरू करता. आणि टाका घातला की जरा थांबता, कुणी हाक मारली की काय असं वाटून."

"मी थांबते?"

"थांबता. मला वैताग यायचा त्याचा."

रोज दुपारची भांडी झाली की वहिनी येऊन बसायची आणि टाकेआत्या आपलंच जुनं पान समोर ठेवून, परक्या बाईचा हात शिकावा तशी, आपला हात शिकायची. बराचसा परत आला. काही दिवशी अजूनही दोरा ओढला जायचा.

पुढे तिने पिशव्या बाहेर काढल्या, आणि एकेकाला घरी बोलावून सांगितलं: पुरं करीन, पण माझ्या हाताने, आणि दोरा एक छटा गडद घेईन. जोड दिसेल. बसवाला चिडला. "दिसायचाच असेल तर तुमच्याकडे कशाला आणलं?" म्हणत पिशवी उचलून चालता झाला. स्वेटरवाल्यांनी मात्र मान डोलावली. तो स्वेटर आता त्यांचा मुलगा घालतो, एक बाही राखाडी, दुसरी जराशी जास्त राखाडी.

औषधवाल्या काकांनी दुकान आवरलं आणि ते मुलीकडे राहायला निघाले. सामान बांधायला मुलगी आली होती. टाकेआत्या निरोपाचं कार्ड घेऊन गेली. द्यावं की नको, असं करत करतच गेली. मुलीने ते उघडून पाहिलं, आणि उघड्या खोक्यांमधून वाट काढत तिला बसायला जागा करून दिली.

"पलंगपोस मी वापरायला काढलाय," मुलगी म्हणाली. "आता अख्ख्या पंखावर हात फिरवते. कुठेतरी असेलच ना ती."

टाकेआत्या शेजारच्या खोक्याची झाकणं मिटू लागली.

"एक विचारू? तुम्ही तो पंख करत होतात तेव्हा आई होती का तिथे?"

"मला तसलं काही कळत नाही बाळा," टाकेआत्या म्हणाली. "पण त्या दिवसांत मी चहात साखर घालायची बंद केली होती. का, ते मला आजतागायत सांगता यायचं नाही."

मुलगी बांधाबांध थांबवून म्हणाली, "आई बिनसाखरेचा घ्यायची." मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून तिने विचारलं, "आता घेता ना साखर?"

"घेते," टाकेआत्या म्हणाली. "बहुतेक वेळा घेते."