मास्तरचे शनिवार

बाबांशी माझा कधीच वाद झाला नाही. गावात याचं कौतुक होई. मला मात्र पुढे पुढे त्या कौतुकाचाच राग यायला लागला.

बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले बाबा पवनारला शेती करत आणि उरलेल्या वेळात सूत कातत. मॅट्रिक झाल्यावर मला वर्ध्याच्या एका कचेरीत नोकरी मिळत होती. ती सोडून मी त्यांच्या चरख्याशेजारी माझा चरखा मांडला. ते खादी म्हणाले, मी खादी घातली. त्यांनी मीठ सोडलं, माझीही भाजी अळणी झाली. इतकं सगळं करून त्यांना बोलावंसं कुणाशी वाटे, तर गावातल्या शाळेच्या मास्तरशी.

मास्तर माझ्याच वयाचा. गावाबाहेरच्या अस्पृश्यांच्या वस्तीत जन्मलेला आणि त्या वस्तीतला पहिला शिकलेला माणूस. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की दुपारी तो आमच्या ओसरीवर येई आणि बाबांचं एकही म्हणणं मान्य न करता संध्याकाळी परत जाई.

बाबा म्हणत, माणसाचं मन बदललं पाहिजे, मग सगळं बदलेल. मास्तर म्हणे, "तुमचं मन बदलेपर्यंत आमी काय करावं, काकाजी? वाट पाहत बसावं?" एकदा बाबांनी आठवण करून दिली, की गावची विहीर आम्ही तुमच्यासाठी खुली केली. "तुमी खुली केली, म्हणजे बंद करनंही तुमच्याच हाती राह्यलं," मास्तर म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड होई. बाबांना काहीच होत नसे. तुरुंगात नाना मतांच्या लोकांबरोबर राहून त्यांना एक सवय लागली होती. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने सांगायचं, आणि तो "हो, असंच" म्हणाला तरच आपलं उत्तर द्यायचं. ते चरखा थांबवून म्हणत, "म्हणजे तुमी असं म्हणता का, मास्तर..." मास्तर ऐकून घेई आणि मान हलवी. "नाई, अजून नाई आलं." बाबा पुन्हा सुरुवात करत. कधीकधी उत्तराची पाळी यायच्या आधीच दिवेलागण होई. वाद तिथल्या तिथेच राही आणि दोघंही खूश दिसत. मी गुळाचं सरबत आणून ठेवायचो, ते कुणी आणलं याकडे दोघांचंही लक्ष नसायचं.

माझं म्हणणं बाबांनी असं कधी फिरून सांगितलं नाही. सांगणार काय? ते त्यांचंच तर होतं.

छप्पन्न साली दसऱ्याला मास्तर नागपूरला गेला आणि बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आला. वस्तीतली बहुतेक घरंही गेली होती. गावातल्या काहींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आपले लोक हिंदू धर्म सुधारताहेत, ते बघायला तरी यांनी थांबायला हवं होतं, असं बाबा एकदाच बोलले. मला बरं वाटलं. हे शनिवार आता बंद होणार, म्हणून आतून चांगलंच बरं वाटलं.

पण शनिवारी दुपारी बाबांनी माझी पेटी उघडून सगळ्यांत बारीक सुताची गुंडी बाहेर काढली. ती मी त्यांच्या वाढदिवसाला द्यायची म्हणून कातली होती. आमच्या खादीवाल्यांत पाहुण्याला फुलांऐवजी सुताची माळ घालतात. "मास्तरले घालतो," ते म्हणाले. मला विचारलंसुद्धा नाही.

मास्तर आला. बाबा गुंडी उलगडून पुढे झाले, तसा त्याने हात जोडले, पण मान मागे घेतली.

"हे नको, काकाजी. तुमी मले आशीर्वाद द्यायले उभे राह्यले. मी काही परवानगी मागायले नाई आलो."

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता तरी संपलं. बाबांनी माझ्याकडे न बघताच गुंडी माझ्या हातात दिली आणि खाली बसले.

"म्हणजे तुमी असं म्हणता का, की मी अजूनही वरच्या पायरीवरून बोलून राह्यलो?"

मास्तरने विचार केला. "हो. असंच."

बाबांनी त्याला उत्तर दिलं नाही. पण पुढचा शनिवार मास्तरच्या घरी, आणि मग आळीपाळीने, असं त्या दोघांचं ठरलं. बाबांनी दीक्षा बरोबर होती असं कधी म्हटलं नाही, मास्तरने चरख्याला हात लावला नाही. वस्तीकडे जायचं असलं की बाबा जेवण उरकून, धुतलेलं धोतर नेसून तयार राहत. एवढी तयारी त्यांनी माझ्या लग्नाच्या बैठकीलाही केली नव्हती.

मग एका संध्याकाळी मीही वाद घालायचं ठरवलं. दोघंच कातत बसलो होतो. म्हटलं, "बाबा, मले नाई पटत. मन बदलन्याची वाट पाहा म्हननं, हे ज्याच्या हाती सगळं हाये त्याच्या सोयीचं हाये."

चरखा थांबला. बाबा पूर्ण वळून बसले. मास्तरकडे बघत तसे माझ्याकडे बघू लागले.

"म्हणजे तू असं म्हणतो का..." आणि त्यांनी माझं वाक्य सावकाश, एकेक शब्द तोलून मांडलं. ज्यासाठी वर्षानुवर्षं जळत होतो ते माझ्यासमोर बसलं होतं.

"हो," मी म्हणालो. "असंच."

"हे मास्तरचं झालं," बाबा म्हणाले. "त्याच्या तोंडून मी ऐकलं. तुह्यं काय म्हननं हाये?"

त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते आणि थांबले होते. मी आत खूप शोधलं.

"मले तुमचंच पटते, बाबा."

"बरं," ते म्हणाले. चरखा पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाले, "उद्या मास्तर लवकर येते का, जरा इचारून येजो."

मी चपला घातल्या आणि वस्तीकडे निघालो.